जुना ट्रॅक्टर घेता? आधी इंजिन बघा

सभासद बंधूंनो, पांढरकवड्याकडे जुना ट्रॅक्टर स्वस्तात मिळतो म्हणून लगेच इसार देऊ नका. इंजिन थंड असतानाच बघायला जावे. मालकाने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. डिपस्टिक काढा. ऑईल दुधाळ दिसले, पातळीही वाढलेली असली, तर लायनरच्या रबरी रिंगांतून नाहीतर हेड गास्केटमधून पाणी ऑईलात उतरतंय. असलं ऑईल बेअरिंग खातं, मग क्रँकही जातो. हे काम साध्या दुरुस्तीत निघत नाही. ब्रीदरमधून भकाभक धूर, म्हणजे रिंगा-लायनर झिजलेले. घेतलाच तर रोज सकाळी रेडिएटरचे पाणी बघावे. ऊसाच्या ट्रॉल्या ओढताना ते कमी पडले की इंजिन तापलेच. आरसी बुकावरचा बँकेचा बोजा उतरल्याशिवाय मात्र पूर्ण रक्कम देऊ नये.