मुलांना घरीच हिशेब शिकवू या

भंडारदऱ्याचे धरण आपल्या रोजच्या पाहण्यातले. प्रवरा नदीवरचे हे धरण १९२६ साली पुरे झाले. पाऊस पडतो चार महिने. पण खाली संगमनेर, श्रीरामपूरकडच्या पाटांना पावसाळा सरल्यावरही पाणी मिळते. हे कशामुळे? पाणी अडवले, साठवले आणि लागेल तसे सोडले, म्हणून.

पैशाचेही असेच आहे. त्यालाही बांध घालावा लागतो. आणि बांध घालायची सवय लहानपणीच लागते.

आपल्या भागात पैसा हंगामाने येतो. भात विकले की चार पैसे हाती येतात. हिरडा विकला की येतात. मे-जूनमध्ये शहरची माणसे काजवे पाहायला येतात. पावसाळ्यात रंधा धबधबा पाहायला येतात. तेव्हा चहा, कणसे, जेवण, राहायची सोय यांवर पैसा मिळतो. मधल्या महिन्यांत मात्र हात रिकामा. मग कित्येक जण मजुरीसाठी नारायणगावकडे जातात.

हे सगळे पोरांच्या डोळ्यांसमोर घडते. पण पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे त्यांना कोणी सांगत नाही. ‘तुला काय करायचंय? तू अभ्यास कर,’ असे आपण म्हणतो. मग हिशेब त्यांना शिकवणार कोण?

हिशेब न येण्याची किंमत आपल्या मुलखाने फार मोजली आहे. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे सावकारांच्या आणि इंग्रजांच्या जुलमाविरुद्ध उठले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. पुढे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. हे लोण नगर जिल्ह्यातही आले. शेवटी १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्या काळी कागदावर काय लिहिले आहे, हे बहुतेक कुळांना वाचता येत नसे. अंगठा तेवढा उठवायचा. आज तुम्हाला वाचता येते. मग पोरांनाही नुसते वाचून चालणार नाही. त्यांना कागदावरचा आकडा समजला पाहिजे.

सुरुवात कशी करावी? साध्या गोष्टीपासून करावी. समजा, सुट्टीच्या दिवशी मुलीने आईबरोबर कणसे भाजून विकली. वीस रुपयांना एक, अशी वीस कणसे खपली. मुलगी हरखून म्हणते, “आये, चारशे रुपये मिळाले!”

आईने तिला जवळ बसवावे. “थांब, लिही. कणसं कितीला घेतली?”

“आठ रुपयांना एक. वीस कणसांचे एकशे साठ.”

“कोळसा, लिंबू, मीठ, तिखट?”

“चाळीस.”

“मग आपले किती?”

“दोनशेच की गं!”

बस्स. एवढ्यात मुलगी मोठा धडा शिकली. गल्ल्यात पडलेला सगळा पैसा आपला नसतो. खर्च वजा जाऊन उरेल तोच आपला. मात्र एक ध्यानात ठेवा. मुलांनी घरच्या कामात हातभार लावावा, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. शाळा बुडवून मिळवलेले शंभर रुपये पुढे फार महाग पडतात.

दुसरा धडा शिल्लक टाकण्याचा. आपल्या घरची बाई बियाणे कधी खाऊन टाकत नाही. घरात धान्य कमी पडले तरी बियाण्याच्या कणगीला ती हात लावत नाही. अकोले तालुक्यातीलच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे असेच जपले. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. मुलांना सांगा, पैशातही थोडे बियाणे असते. खाऊला दहा रुपये मिळाले, तर दोन बाजूला टाकायचे. खर्चून उरले तर टाकू म्हणाल, तर कधीच उरणार नाहीत. आधी टाकायचे, मग खर्चायचे.

डबा भरला की पोस्टात जावे. मूल दहा वर्षांचे झाले की त्याच्या स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते. सुरुवातीला पाचशे रुपये लागतात. मुलाला बरोबर न्या. फॉर्मवर त्याला स्वतः सही करू द्या. पासबुक त्याला वाचायला द्या. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल, तर आईबापांना तिच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते काढता येते. त्यात वर्षाला निदान अडीचशे रुपये भरावे लागतात.

तिसरा धडा व्याजाचा. हा तर मुलांना पाटीवर मांडूनच दाखवा. सावकार म्हणतो, ‘शेकडा पाच.’ ऐकायला थोडे वाटते. पण ते महिन्याचे असते. हजार रुपयांना महिन्याला पन्नास, म्हणजे वर्षाला सहाशे. आणि मूळ हजार तसेच डोक्यावर! पोस्टाच्या बचत खात्यावर २०२५ साली शेकडा चार व्याज मिळत होते, तेही वर्षाचे. हजाराला चाळीस रुपये. घेताना सहाशे जातात, ठेवताना चाळीस येतात. हा फरक ज्या पोराला कळला, तो पुढे लग्नासाठी कर्ज काढताना दहादा विचार करील.

चौथी गोष्ट फोनची. आता पैसा फोनमधूनही जातो. नोट हातातून गेली की मुलाला दिसते. फोनमधला पैसा गेलेला दिसत नाही. म्हणून दुकानात फोनवरून पैसे दिले, तर किती दिले आणि किती उरले, हे मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. एक नियम घरात सर्वांनी पाठ करावा. पैसे देताना पिन लागतो, घेताना लागत नाही. ‘पैसे पाठवतो, पिन टाका,’ असे कोणी म्हणाला, तर तो ठकच समजावा. फसगत झालीच, तर ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करावा.

आणि एक सांगायचे राहिले. घरात अडचण असेल, तर मुलांपासून ती सगळीच लपवू नका. त्यांना घाबरवू नका, पण खरे सांगा. ‘यंदा भात कमी झाले. नवे कपडे एकच जोड घेऊ,’ असे सांगितले तर मूल समजून घेते. काही न सांगता नुसते ओरडलात, तर ते हट्टाला पेटते. बाप कर्ज काढून सण करील, तर मूल तेच शिकेल.

यासाठी एक दहा रुपयांची वही पुरे. एका पानावर ‘जमा’, समोरच्या पानावर ‘खर्च’. रोज रात्री जेवणे झाली की दिव्याजवळ बसा. एक दिवस तुम्ही लिहा, एक दिवस पोराला लिहू द्या. तुमची बेरीज चुकली, तर तो सुधारील. त्याचा खर्च वाढला, तर तुम्ही विचाराल. महिना संपला की शिल्लक दोघांनी मिळून मोजा. आज रात्रीच पहिली ओळ लिहा.