ऐकू येणारे पुस्तक

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस हुगळी नदीच्या काठी गार्डन रीच हा गोदी आणि जहाजबांधणीचा परिसर आहे. जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेचे मुख्यालय येथेच होते. महालयेच्या पहाटे चार वाजता शहरातील इतर वस्त्यांप्रमाणे येथील अनेक घरांतही आकाशवाणीवरील 'महिषासुरमर्दिनी' ऐकले जाते. १९३० च्या दशकात सुरू झालेल्या या कार्यक्रमाची संहिता बाणीकुमार यांची, संगीत पंकजकुमार मल्लिक यांचे आणि पठण बीरेंद्रकृष्ण भद्र यांचे. १९७६ मध्ये त्याऐवजी लोकप्रिय चित्रपट अभिनेते उत्तमकुमार यांच्या आवाजातील नवा कार्यक्रम प्रसारित झाला. श्रोत्यांनी त्यावर तीव्र नाराजी व्यक्त केली आणि जुना आवाज परत आला.

नभोवाणीचे सामर्थ्य असे केवळ आवाजात असते. श्रुतिकेत पावलांचा आवाज आला, दार करकरले, की प्रसंग मनात उभा राहतो. तेथे डोळस आणि दृष्टिहीन श्रोता एकाच पातळीवर असतात. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या 'गीतरामायणा'तील ५६ गीतांचा आस्वादही दोघांना सारखाच घेता आला.

मात्र प्रसारित झालेला शब्द श्रोत्यासाठी थांबत नाही. एखादे वाक्य निसटले, तर मागे जाता येत नाही. ही उणीव बोलक्या पुस्तकाने दूर केली. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंधांसाठी अशी सेवा सुरू झाली. तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर सुमारे पंचवीस मिनिटांचे वाचन मावे. एका कादंबरीला अनेक तबकड्या लागत. पुढे कॅसेट आली आणि त्यानंतर 'डेझी' ही संगणकीय पद्धत. तिच्यामुळे हवे ते प्रकरण थेट उघडता येते, खूण ठेवता येते, वाचनाचा वेग बदलता येतो. मुंबईतील राष्ट्रीय अंध संघ, म्हणजेच 'नॅब', बोलकी पुस्तके तयार करतो.

पुस्तक मिळणे हा हक्कही आहे. २०१२ मध्ये भारताच्या स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांगांसाठी पुस्तकांची सुलभ रूपे तयार करण्यास मुभा मिळाली. दृष्टिबाधितांसाठीचा २०१३ चा माराकेश करार मान्य करणारा पहिला देशही भारतच होता.

जुन्या नभोवाणीचे अनेक कार्यक्रम थेट प्रसारित होत. ज्यांचे ध्वनिमुद्रण झाले नाही, ते हवेत विरून गेले. जे उरले, ते जपले आणि सुलभ केले, तर ज्यांना छापील अक्षर दिसत नाही, त्यांचेही ग्रंथालय समृद्ध होईल.