संत्र्याच्या कोवळ्या झाडांचे खत व्यवस्थापन

संत्र्याच्या कलमांना लागवडीपासून फळधारणेपर्यंत सेंद्रिय व रासायनिक खते एकमेकांना पूरक म्हणून दिली जातात. विदर्भात नागपूर व अमरावती जिल्ह्यांत संत्र्याच्या मोठ्या बागा आहेत. या काळात मुळे, खोड व फांद्यांच्या वाढीसाठी नत्र विशेष आवश्यक असते. चांगले कुजलेले शेणखत जमिनीचा पोत सुधारते व अन्नद्रव्ये सावकाश पुरवते. युरियात ४६ टक्के नत्र असते व ते लवकर उपलब्ध होते. मात्र एकाच वेळी जास्त युरिया दिल्यास कोवळी मुळे करपतात. म्हणून तो हप्त्यांनी, खोडापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली देऊन लगेच पाणी देतात. खोडालगत ओलसर खत साचल्यास डिंक्या रोगाचा धोका वाढतो. चुनखडीयुक्त जमिनीत जस्त व लोह असूनही मुळांना पुरेसे मिळत नाही. पाने पिवळी पडल्यास त्यांची फवारणी करतात.