आकड्यांचा आवाज कसा होतो?

नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या शाळेत पहिलीला येणारे मूल घरी बहुधा पावरी किंवा भिलोरी बोलत असते. नवापूरकडे मावची, तर तापीच्या काठाने अहिराणी किंवा गुजरी कानावर पडते. पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीत. अशा वर्गात गोष्टींची, कवितांची, नुसत्या शब्दोच्चारांचीही ध्वनिमुद्रणे फार उपयोगी पडतात. शाळा दोनशिक्षकी आणि एकाच खोलीत दोन इयत्ता असतील, तर हेडफोनला पर्याय नाही. चार मुले कोपऱ्यात ऐकत बसतात, बाकीच्यांचे गणित चालू राहते.

पण ऐकू काय येते? 'साल' आणि 'शाल' या शब्दांतला फरक केवळ पहिल्या व्यंजनात आहे. 'स'ची बरीचशी ऊर्जा सेकंदाला ४,००० ते ८,००० कंपनांच्या, म्हणजे हर्ट्झच्या, पट्ट्यात असते. 'श'ची त्याहून खालून सुरू होते. हा वरचा पट्टा वाटेत हरवला, की दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच वाटतात. घरात मराठी बोलणारे मूल संदर्भावरून अंदाज बांधते. ज्याला भाषाच नवी आहे, त्याच्याकडे अंदाजाला आधार नसतो. त्याला कानाने मिळेल तेवढेच मिळते.

अलीकडच्या पुष्कळ मोबाइल फोनना हेडफोनचे गोल छिद्र नसते. दुकानदार एक बोटभर लांबीची जोडवायर हातात ठेवतो. जाहिरातींत याच कामाच्या, पण काही हजार रुपयांच्या 'पोर्टेबल डॅक' नावाच्या डब्या दिसतात आणि त्यांनी आवाज 'खुलतो' असे सांगितले जाते. शाळेच्या तुटपुंज्या निधीतून असे काही घ्यावे का, हे ठरवण्यापूर्वी ही वस्तू करते काय ते पाहू.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. मायक्रोफोन त्यांचे विजेच्या दाबातल्या चढउतारांत रूपांतर करतो. मूळच्या हुबेहूब वळणाने जाणारा म्हणून हा 'सदृश' संकेत. तो साठवण्यासाठी त्याची ठरावीक अंतराने मोजमापे घेतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापे आणि प्रत्येक मोजमापासाठी ६५,५३६ पायऱ्या असे प्रमाण ठरले. मोबाइलमधली गोष्ट ही अशा आकड्यांची लांबलचक यादी असते.

शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, त्यासाठी गावकऱ्यांच्या बोटांच्या ठशांचेही असेच आकडे झाले होते. फरक इतकाच, की त्या आकड्यांतून पुन्हा बोट तयार करायची गरज कोणाला नव्हती. आवाजाचे तसे नाही. कानाला आकडे कळत नाहीत; त्यांचा पुन्हा विजेचा दाब करावा लागतो आणि त्या दाबाने हेडफोनचा पडदा हलवावा लागतो. आकड्यांतून दाब तयार करणारा तो 'अंकीय-सदृश परिवर्तक', म्हणजेच डॅक.

याचे तत्त्व वर्गात करून दाखवता येते. १० किलोओहमचे दहा रोध, दीड व्होल्टचे चार सेल, थोडी तार आणि एक मल्टिमीटर, एवढेच साहित्य लागते. सेल एकामागे एक जोडून ६ व्होल्ट करा. क, ख, ग अशा तीन गाठी एका ओळीत घ्या. क आणि ख यांच्यामध्ये एक रोध, ख आणि ग यांच्यामध्ये एक रोध. आता दोन-दोन रोध एकामागे एक जोडून २० किलोओहमच्या चार जोड्या करा. त्यातली एक जोडी क गाठीपासून सेलच्या ऋण टोकाला कायमची जोडून टाका. उरलेल्या तीन जोड्या क, ख, ग या गाठींना एकेक लावा. त्यांची मोकळी टोके हे आपले तीन खटके. खटका धन टोकाला लावला तर १, ऋण टोकाला लावला तर ०. टोक अधांतरी मात्र ठेवायचे नाही, नाहीतर सगळे गणित चुकते. ग गाठ आणि ऋण टोक यांमधले विभवांतर मल्टिमीटरने मोजा.

फक्त ग चा खटका १ ठेवला तर ३ व्होल्ट मिळतात, फक्त ख चा ठेवला तर दीड, फक्त क चा ठेवला तर पाऊण. ग, ख, क या क्रमाने १०१ केले, म्हणजे द्विमान पद्धतीतले ५, तर ३.७५ व्होल्ट. १११ केले, म्हणजे ७, तर ५.२५. नव्या सेलचा दाब दीड व्होल्टपेक्षा किंचित जास्त असतो, त्यामुळे आकडे थोडे वर येतील, पण प्रमाण तेच राहील. ० ते ७ पर्यंत मुलांनी एकेक आकडा 'लिहावा' आणि काटा पायरीपायरीने चढताना पाहावा. हा तीन बिटांचा डॅक झाला. डिस्कच्या दर्जासाठी सोळा बिटे लागतात. म्हणजे शिडी तीच, तिला खटके सोळा, आणि ते सेकंदाला ४४,१०० वेळा बदलायचे.

आता प्रयोगाचा खरा मजेशीर भाग. १०० या स्थितीत ३ व्होल्ट दिसत असताना ग गाठ आणि ऋण टोक यांच्यामध्ये ३३ ओहमचा रोध जोडा. साध्या हेडफोनचा विरोध बहुधा इतकाच, १६ ते ३२ ओहम असतो. मल्टिमीटरवर ३ व्होल्टचे अवघे १० मिलिव्होल्ट उरतात! कारण आपल्या शिडीचा स्वतःचा अंतर्गत रोध १० किलोओहम आहे आणि जवळजवळ सगळा दाब तिथेच खर्ची पडतो. आकड्याचा दाब बनवणे हे एक काम, आणि त्या दाबाने हेडफोनला पुरेसा प्रवाह देणे हे दुसरे. म्हणून बाजारातल्या प्रत्येक पोर्टेबल डॅकमध्ये परिवर्तकाच्या जोडीला एक छोटा ॲम्प्लिफायरही असतो. जाहिरातींत ज्या फरकाचे श्रेय डॅकला दिले जाते, त्यातला बराच या दुसऱ्या भागाचा असतो, असे आमचे मत आहे.

मुले इथे एक रास्त शंका काढतील: पायऱ्यापायऱ्यांचा दाब मिळाला, तर आवाजही खडबडीत यायला नको का? पायऱ्यांचे काठ म्हणजे ऐकू येण्याच्या मर्यादेपलीकडची, अतिशय वेगवान कंपने होत. डॅकनंतरचा गाळक ती काढून टाकतो आणि मागे गुळगुळीत वक्ररेषा उरते. ही रेषा नुसती 'बरीचशी मूळसारखी' नसते. संकेतातल्या सर्वांत वेगवान कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घेतले असेल, तर त्या बिंदूंमधून जाणारी, त्या मर्यादेतली, रेषा एकच असते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात सिद्ध करून दाखवले. माणसाचा कान २०,००० हर्ट्झपर्यंतच पोहोचतो, म्हणून ४४,१०० पुरतात. त्याउलट जुन्या पद्धतीच्या टेलिफोनात सेकंदाला ८,००० मोजमापे घेत आणि ३,४०० हर्ट्झच्या वरचे सगळे कापून टाकत. फोनवर आडनाव सांगताना 'सशातला स' असे म्हणावे लागे, त्याचे कारण हेच.

आजच्या बहुतेक डॅकमध्ये अशी रोधांची शिडी नसते, हेही सांगून टाकू. त्यांत मोजकेच खटके असतात, पण ते सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतात आणि त्या उघडझापीची सरासरी म्हणजे हवा तो दाब. एलईडी दिवा झटपट चालू-बंद करून मंद केला जातो, त्यातलाच हा प्रकार. हे तंत्र इतके स्वस्त झाले आहे, की काही शे रुपयांच्या जोडवायरीतला डॅकही बोलण्यासाठी गरजेहून चांगला असू शकतो. २४ बिटे, १ लाख ९२ हजार मोजमापे हे आकडे खोक्यावर भारदस्त दिसतात. गोष्ट ऐकणाऱ्या मुलाच्या कानाला त्यांचा उपयोग नाही.

मग वेगळा डॅक कुठे उपयोगी पडतो? शाळेतल्या जुन्या संगणकाला हेडफोन लावला, की पुष्कळदा बारीक गुणगुण ऐकू येते आणि माऊस हलवला की तिच्यात चिवचिव मिसळते. पेटीच्या आतल्या विजेच्या गोंगाटाची ही गळती आहे. यूएसबीने जोडलेला छोटा डॅक परिवर्तनाचे काम पेटीबाहेर आणतो आणि हा त्रास सहसा थांबतो. इथे खर्च सार्थकी लागतो. लॅपटॉप असेल, तर आधी चार्जर काढून पाहावा. गुणगुण त्यानेच थांबली, तर पैसे वाचले.

फोनच्या जोडवायरींत मात्र दोन जाती आहेत, आणि वरून त्या ओळखू येत नाहीत. एकीत डॅक असतो. दुसरीत नुसत्या तारा असतात. फोनने स्वतःच सदृश संकेत बाहेर दिला तरच ती चालते. म्हणून एकाच्या फोनवर चालणारी वायर दुसऱ्याच्या फोनवर मुकी राहते आणि दोष फोनला दिला जातो. ओळखायची युक्ती सोपी आहे. वायर संगणकाला जोडा. आत डॅक असेल, तर संगणक तिला नवे ध्वनिसाधन म्हणून ओळखतो. ब्लूटूथ हेडफोनची तऱ्हा आणखी निराळी: त्यात डॅक आणि ॲम्प्लिफायर हेडफोनमध्येच असतात. त्याच्यासाठी फोनला महागडी डबी लावली, तरी आवाज तिच्यातून जातच नाही.

एका फोनला वाटणी करणारा प्लग लावून चार हेडफोन जोडण्याची पद्धतही दिसते. ३२ ओहमचे चार हेडफोन समांतर जोडले, की एकूण विरोध ८ ओहम होतो आणि चौपट प्रवाह लागतो. १ व्होल्टला १२५ मिलिअँपिअर! चिमुकल्या वायरीला तो झेपत नाही. आवाज फाटतो आणि नेमकी व्यंजने बिघडतात. इथे अधिक ताकदीचा ॲम्प्लिफायर लागतो, किंवा मग चार जणांत मिळून एक बरा स्पीकर.

पण एका मुलासाठी, एका हेडफोनसाठी, अधिक ताकद घेणे आम्हांला धोक्याचे वाटते. सर्वसाधारण हेडफोन १ मिलिवॉटला सुमारे १०० डेसिबल आवाज देतो. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, ७५ डेसिबल अशी आहे. या ७५ डेसिबलना १ मिलिवॉटचा तीनशेवा भागही लागत नाही. साधी जोडवायर १ व्होल्ट देत असेल, तर ३२ ओहममध्ये ३१ मिलिवॉट होतात, म्हणजे जवळजवळ ११५ डेसिबल. ताकद कमी पडतच नाही. आणि दर ३ डेसिबलना सुरक्षित वेळ निम्मा होतो: ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ९० डेसिबलला आठवड्याला सव्वा तास.

आवाज वाढवला जातो तो बहुधा बाहेरच्या गोंगाटामुळे. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना कानात खोचायच्या ढिल्या बोंडांतून काही कळत नाही आणि मूल आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवते. यावर उपाय डॅक नव्हे. कान पुरता झाकणारा, बंद पाठीचा हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवतो, आणि मग कमी आवाजातही 'साल' आणि 'शाल' वेगळे कळतात. निधी एकाच वस्तूला पुरणार असेल, तर तो या हेडफोनवर खर्चावा. त्याच्या गाद्या पुसता येण्याजोग्या असाव्यात. खरूज आणि उवा वर्गाला नव्या नाहीत.

राहता राहिले मूळ ध्वनिमुद्रण. जे आकड्यांत उतरलेच नाही, ते कोणताही डॅक परत आणू शकत नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात भिल्ल भाषा आणि खानदेशी यांना १९०७ साली एक स्वतंत्र भाग मिळाला. त्याच सर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ या काळात अनेक भारतीय भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या झाल्या. त्या आता अंकीय रूपात ऐकता येतात. १९२५ पूर्वी मायक्रोफोनविना, कर्ण्यात बोलून आवाज कोरला जाई आणि साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वरचे त्यात फारसे उतरत नसे. त्या काळच्या तबकडीतले 'स' उत्तमातल्या उत्तम हेडफोनवरही पुसटच ऐकू येणार.

आज मात्र पाड्यावरच्या आजीची पावरी गोष्ट कोणाही शिक्षकाला आपल्या फोनवर नीट उतरवता येते. आवाजी निरोप म्हणून पाठवलेले ध्वनिमुद्रण फार आकसलेले असते, म्हणून ते मूळ प्रत म्हणून ठेवू नये. ध्वनिमुद्रणाच्या ॲपमध्ये 'वेव्ह' हा प्रकार, ४४,१०० मोजमापे, १६ बिटे आणि एकच वाहिनी निवडावी. फोन आजीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरावा. एका मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट लागतात, म्हणजे दहा मिनिटांच्या गोष्टीला ५३.