मिरी, मिरची आणि शिराझ

लेखांक सहावा

गेल्या रविवारी गच्चीवर शेगडी पेटवली. मटणाचे चॉप्स दोन भांड्यांत मुरत ठेवले होते. एका भांड्यात मीठ, ओबडधोबड कुटलेली काळी मिरी, लसूण आणि चमचाभर तेल, एवढंच. दुसरं भांडं वहिनीचं. त्यात कांदा-लसूण मसाला, वर लाल तिखट, आणि रंग असा की बघूनच घाम फुटावा. बाटली मात्र एकच, नाशिकची शिराझ. मिरीच्या चॉपबरोबर घोट घेतला तर वाईन मऊ लागली, पिकल्या जांभळासारखी. वहिनीच्या चॉपनंतर त्याच ग्लासातला घोट घेतला, तर जीभ पेटली आणि वाईन कडवट, पाणचट झाली. वहिनीनंही घोट घेतला आणि विचारलं, "भाऊजी, मधेच बाटली बदललीत का?"

बाटली तीच होती, मटणही एकाच दुकानातलं. फरक होता तो मसाल्याचा. आजचा लेखांक त्या फरकावरच आहे.

मांसाबरोबर लाल आणि माशाबरोबर पांढरी, हे सूत्र आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते खोटं नाही, पण ते ज्या स्वयंपाकघरांत तयार झालं तिथं मांसाला मिठापलीकडे फारसं काही लावत नाहीत. अर्जेंटिनाचंच बघा. तिथला रविवारचा 'असादो' म्हणजे जाळीवर तासन्‌तास मंद भाजलेलं गोमांस, वर फक्त जाडं मीठ. सोबतीला मेंडोझाची माल्बेक. ही द्राक्षाची जात 1853 मध्ये मिशेल पुझे या फ्रेंच कृषितज्ज्ञानं तिथं नेली आणि ती तिथलीच होऊन गेली. त्या ताटात वाईनशी भांडणारं काहीच नसतं. आपल्या ताटात मसाला आधी बोलतो आणि मांस नंतर. म्हणून आपण वाईन निवडायची ती मसाला बघून.

लाल वाईनच्या तुरटपणाला जगभर 'टॅनिन' म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगायची गरज पडू नये, कारण तुरट ही चव आपण सहा रसांत मोजतो. जांभूळ, सुपारी, हिरडा, कच्चं केळं खाताना तोंड जसं आवळून येतं, तेच हे. द्राक्षाच्या सालीत आणि बीत टॅनिन असतं. लाल वाईन सालींसकट आंबवतात म्हणून ते तिच्यात उतरतं. टॅनिन प्रथिनाला चिकटतं. तोंडात दुसरं काही नसेल तर ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी पडते. कडक कोरा चहा पिऊन बघा आणि मग त्यातच दूध घाला. दुधातलं केसिन टॅनिनला धरतं आणि चहा मवाळ होतो. मांसातली प्रथिनं आणि चरबी वाईनच्या बाबतीत हेच काम करतात. म्हणून चरबीची कड असलेल्या चॉपबरोबर तुरट वाईन गोड वाटायला लागते. आणि म्हणूनच दह्यात मुरवलेल्या चिकनला लाल वाईन चालते. त्या दह्यातही केसिन असतंच.

मिरची मात्र चव नव्हेच, ती आग आहे. तिच्यातलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या नसांना चेतवतं. अल्कोहोलही त्याच नसांना डिवचतं. त्यात टॅनिननं जीभ कोरडी केलेली. तिघांनी मिळून वहिनीच्या चॉपचं आणि माझ्या शिराझचं वाटोळं केलं.

काळ्या मिरीची गोष्ट वेगळी, आणि मला ती फार आवडते. शिराझला मिरीचा वास येतो असं वाईन चाखणारे पूर्वीपासून म्हणत आले. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यामागचा रेणू शोधून काढला. त्याचं नाव रोटंडोन. तोच रेणू काळ्या मिरीतही असतो, आणि त्यातही भरपूर. थंड हवेतल्या शिराझमध्ये तो जास्त उतरतो, आपल्याकडे कमी. ती उणीव आपण मटणाला मिरी लावून भरून काढू शकतो. ताटातली मिरी वाईनमधल्या मिरीला हाक मारते, हे मी गच्चीवर दरवेळी अनुभवतो.

आता खिशाचं बोलू. परदेशी वाईनवर आपल्याकडे अनेक वर्षं 150 टक्के आयात शुल्क होतं. त्यामुळे स्वस्तातली परदेशी बाटली घेताना आपण बरेचसे पैसे द्राक्षाला देतच नव्हतो. तेच पैसे नाशिक, दिंडोरी किंवा अकलूजच्या बाटलीवर खर्च केले तर घशाखाली जास्त चांगलं काही उतरतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या वेलींना गोठवणारा हिवाळा मिळत नाही, त्या विश्रांती घेत नाहीत. म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. फळ एकदाच धरायचं आणि जानेवारी ते मार्चमध्ये घड उतरवायचे. उन्हं तापत जातात तशी साखर भरते आणि आंबटपणा उतरतो. त्यातून तयार होणारी वाईन पिकल्या फळाच्या चवीची. रोजच्या जेवणाला ती उत्तम.

आता मसाल्याप्रमाणे बाटली निवडू. मिरी-मिठाच्या मटणाला साधी शिराझ किंवा शिराझ-कॅबर्ने. ओकच्या पिंपात मुरवलेली महागडी 'रिझर्व्ह' इथं घेऊ नका. लाकडाचा वास आणि कोळशाचा धूर एकमेकांवर चढतात. टोमॅटो, चिंच किंवा कोकम लावलेल्या चिकनला सांजोवेझे. फ्लोरेन्सकडे निखाऱ्यावर भाजलेल्या गोमांसाबरोबर याच द्राक्षांची वाईन पितात. अकलूजला फ्रातेल्ली या वाइनरीनं ही द्राक्षं लावली आणि ती तिथं रुजली. या वाईनचा आंबटपणा शाबूत राहतो, त्यामुळे आंबट मसाल्यापुढे ती फिकी पडत नाही. आणि तिखटाला? झिनफांडेल. फळाची चव पुढे, टॅनिन मागे. घेताना लेबलवर अल्कोहोलचा आकडा बघा आणि कमी असलेली निवडा.

बाटलीपेक्षाही मोठी चूक तापमानाची होते. 'लाल वाईन घरातल्या तापमानाला प्यावी' हे वाक्य युरोपातल्या गार दगडी घरांचं आहे, आपल्या मे महिन्यातलं नव्हे. मी एकदा बाटली आठवडाभर फ्रिजच्या वर ठेवली होती, जिथं मागून गरम हवा येते. उघडली तेव्हा नाकाला आधी अल्कोहोलच झोंबलं, फळ कुठेच नव्हतं. सोबत जेवायला बसलेल्या काकांनी ग्लास तसाच ठेवला. तेव्हापासून पिण्याआधी अर्धा तास बाटली फ्रिजमध्ये ठेवतो. पंधरा-सोळा अंशांवर शिराझ नेटकी लागते. हलकी वाईन याहूनही थोडी गार चालेल. ग्लासात ती आपोआप तापतेच.

कोळशाबद्दल एकच सांगतो, पण ते मनावर घ्या. निखाऱ्यांवर राखेची करडी साय धरेपर्यंत मांस जाळीवर टाकू नका. चरबी ठिबकून ज्वाळा उठल्या की काजळी धरते. ती कडू, टॅनिनही कडवट, आणि दोन कडू एकत्र आले की वाईनला दोष जातो. खमंग तपकिरी हवं, काळं नको.

मासा भाजणार असाल तर लाल बाजूला ठेवा. जपानी संशोधकांनी 2009 मध्ये दाखवून दिलं की वाईनमध्ये लोह जास्त असेल तर माशाचा वास वर येतो, आणि लाल वाईनमध्ये लोह बहुधा जास्त असतं. बांगड्याला पांढरी बरी. वांग्याला मात्र लाल शोभते. जळगावकडच्या भरिताच्या वांग्याच्या जाड चकत्या करा, तेल-मीठ-लसूण चोपडा आणि निखाऱ्यावर मऊ होऊ द्या. शिराझ-कॅबर्नेबरोबर त्या मटणाची आठवण येऊ देत नाहीत.

काल वहिनीनं पुन्हा मसाला वाटला. तिखट निम्मं, त्यात वाटीभर घट्ट दही आणि थोडा गूळ. मी झिनफांडेल फ्रिजमध्ये टाकली आणि निखाऱ्यांवर करडी साय धरायची वाट बघत बसलो. पहिला चॉप तिनंच उचलला, घोट घेतला आणि काही न बोलता ग्लास पुढे केला.