दोघांनाही पाचशे

खंडाळ्यातल्या एका शाळेच्या संगणक कक्षात डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे. बाकीचे संगणक सुरळीत चालतात, एक मात्र अपडेट व्हायला तयार नाही, असं कानावर आलं. त्याच्यावर व्हिडिओ चालावेत म्हणून कुणीतरी बाहेरची रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचं कोठार, जोडली होती म्हणे. “लिनक्सचं असंच असतं,” हा निकालही लागून गेला होता. तो मला पटेना, म्हणून दुरुस्तीच्या दिवशी मी तिथे गेले.

दुरुस्तीला आलेला तरुण शिरवळच्या एका कारखान्यात नोकरी करतो. त्याने आधी काहीच काढलं नाही, पुसलं नाही. ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ हा आदेश दिला आणि पडद्यावर बोट ठेवलं. “बघा ताई, दोघांनाही पाचशे.”

५०० हा प्राधान्याचा आकडा. वेगळं काही सांगितलं नाही, तर पॅकेजं बसवणारं ॲप्ट डेबियनला देतं तेच ५०० बाहेरच्या रिपॉझिटरीलाही देतं. मान सारखा, म्हणून ज्याची आवृत्ती मोठी त्याचं पॅकेज बसतं. आणि मोठी कशी ठरते? व्हिडिओ चालवणाऱ्या एफएफएमपेगच्या आवृत्तीत कोलनच्या आधी एक आकडा असतो. डेबियनच्या पॅकेजात तो ७, या बाहेरच्या पॅकेजात १०. तेवढ्यावरच बाहेरचं पॅकेज वरचढ, पुढचे आकडे काहीही असोत. लायब्ररी बाहेरच्या, त्यांच्यावर विसंबलेले प्रोग्रॅम डेबियनचे, अशी खिचडी होऊन अपडेट अडलं होतं.

त्याने मुख्य रिपॉझिटरीला १००१ दिले. हजाराच्या वर गेलं की ॲप्ट जुनी आवृत्तीसुद्धा परत बसवतं. सगळी पॅकेजं मूळ जागी आल्यावर तो आकडा काढला आणि बाहेरच्या रिपॉझिटरीला १०० दिले. डेबियनकडे जे नाहीच, तेवढंच आता तिकडून येईल.

बाहेरच्यांना सरसकट नावं ठेवणं अन्यायाचं आहे. फेडोरा या दुसऱ्या लिनक्ससाठी पॅकेजं देणाऱ्या लिव्हना, फ्रेशआरपीएम्स आणि ड्रिबल यांनी २००८मध्ये एकत्र येऊन आरपीएम फ्यूजन उभं केलं, आणि वापरणाऱ्यांचा केवढा ताप वाचला! धोका आहे तो जोडून विसरण्यात. जून २०१३मध्ये डेबियनने ‘डेबियन-मल्टिमीडिया डॉट ऑर्ग’ हा एका बाहेरच्या रिपॉझिटरीचा पत्ता आपापल्या यादीतून काढायला सांगितलं. मुदत संपून तो अनोळखी माणसाच्या नावावर गेला होता.

या कक्षात रिपॉझिटरी कुणी, कधी, कशासाठी जोडली याची नोंद नव्हती. शाळांमधल्या शिक्षकांना एवढीच विनंती: बाहेरची रिपॉझिटरी जोडाल त्याच बैठकीत तिचा आकडा ५००च्या खाली आणा, आणि तारीख व कारण वहीत लिहून ठेवा.