श्वाननेत्रांचे छायाचित्रण

हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव असलेल्या, आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ या मौज्यात, बिबट्याच्या चाहुलीसाठी रात्र जागवून सकाळी ओट्यावर पहुडलेल्या राखणीच्या कुत्र्याच्या नेत्रांतील भाव ज्याला टिपावयाचा आहे, त्याने प्रथम जमिनीवर बसून कॅमेरा त्याच्या दृष्टीच्या पातळीवर आणावा. फ्लॅशला सक्त मनाई असावी. दृष्टिपटलामागील परावर्तक स्तरामुळे डोळे हिरवट चकाकतात आणि भाव लोपतो. भुवईचा आतील कोपरा उंचावणारा जो स्नायू २०१९ च्या संशोधनात कुत्र्यांत सुस्पष्ट, परंतु लांडग्यांत जवळजवळ अभावानेच आढळला, त्याची ती करुण हालचाल क्षणिक असते. म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या १/२५० भागाहून मंद नसावा. फोकस नजीकच्या डोळ्यावर साधावा. मात्र त्या मुक्या जीवाने मान फिरवताच कॅमेरा खाली ठेवावा, ही वाचकांस कळकळीची विनंती.